ती बाई नव्हतीच

"बाबा कधी गेले गं तुझे?"

मराठी मंडळातल्या एक वहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारत होत्या. माझे बाबा त्या वेळी उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये पहिल्या पाळीवर होते. धडधाकट. सकाळी लोणचं संपलं म्हणून कुरकुर करत घरून निघाले होते.

"आहेत ना बाबा," मी म्हटलं. "ड्यूटीवर गेले."

खोलीतल्या बारा-तेरा माणसांचे चेहरे उतरले. एखादा माणूस जिवंत आहे याचं इतकं वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे ब्राह्मणांच्या मोहल्ल्यात, संपादकांच्या घरी मंडळाच्या स्मरणिकेची बैठक होती. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, नवी ऑफिसं आली, त्यांच्यासोबत नवी मराठी माणसं आली आणि या छोट्या मंडळाची पातळ स्मरणिका जाडजूड झाली. मी डीटीपीच्या दुकानात नोकरीला होते. चार वर्षं सगळ्यांच्या कथा-कविता मीच टाइप केल्या. त्यांच्या चुकलेल्या वेलांट्याही मीच सुधारल्या. कुणाला कळलंही नाही.

त्या वर्षी हिंमत केली. गठ्ठ्यात माझी एक कथा ठेवली. एका बाईचा नवरा भट्टीवर मरतो. ती रोज दुपारी कारखान्याच्या गेटवर त्याचा डबा आणून ठेवते आणि पहारेकरी तो रोज परत करतो. एवढीच कथा.

संपादकांनी ती मोठ्यानं वाचली. "काहून नाही खाल्ला डबा?" या वाक्याला थांबून हसले. मग सगळेच हसले. शेवटाला मात्र खोली गप्प झाली. ती शांतता माझी होती. मला ती अर्धा मिनिटसुद्धा मिळाली नाही, तेवढ्यात वहिनींचा हात पाठीवर आला.

"मग शेजारचं कुणाचं असेल," संपादक म्हणाले. "कुणाचं तरी असणारच."

"नाही सर. मी रचली."

त्यांनी चष्मा काढला. "रचली? मग कुठून उतरवलीस? सगळ्यांचं लिखाण तुझ्याच हातून जातं. राहिलं असेल एखाद्याचं डोक्यात."

चोर हा शब्द त्यांनी वापरला नाही. गरजच नव्हती. जो तो माझ्याकडे बघत आपलं काही गेलंय का ते आठवायला लागला. वहिनींचा मुलगा नव्या राजधानीतल्या कुठल्याशा ऑफिसात होता. त्यानं बहुधा मला वाचवायचं ठरवलं. म्हणाला, "अंकल, रियल स्टोरी होगी. इतना दिमाग से थोड़ी निकलता है."

दिमाग से. म्हणजे माझ्या दिमाग से.

आडनाव सांगितलं की समोरच्याचं "अच्छा" जरा लांबतं, अशा घरातली मी. आम्ही भोगलं असेल तर यांना चालतं. आम्ही चोरलं असेल तर तेही समजतं. आम्ही रचलं, एवढंच पटत नाही.

आणि मी काय केलं? घाबरले. म्हटलं, "हव सर. आमच्या पाऱ्यातल्या एका काकूचं आहे."

"बघा! मी म्हणत नव्हतो?" खोली एकदम मोकळी झाली. चहा आला. याची मला आजही लाज वाटते. हसले ते, पण माझी कथा मीच देऊन टाकली.

तीन दिवसांनी त्यांचा सुधारलेला कागद दुकानात आला. टाइप करायला, माझ्याचकडे. वर "कथा" खोडून "सत्य अनुभव" लिहिलं होतं. खाली "शब्दांकन" आणि पुढे संपादकांचं नाव. माझं नाव आभाराच्या ओळीत, कागद पुरवणाऱ्याच्या नंतर. माझी बाई आता "आपण का बरे जेवला नाहीत?" असं विचारत होती. शेवटी चिठ्ठी: रविवारी त्या काकूंना घेऊन ये. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. फोटोही लागेल.

मी खरंच विचार केला हो! कोणत्या काकूला नेता येईल. पांढरं लुगडं कुणाकडे आहे. गप्प कोण बसेल. नावं मोजता मोजता हात थांबले. एका खोट्यासाठी मी हाडामांसाची विधवा शोधत होते.  त्यांच्यावरचा राग होताच, पण स्वतःवरचा जास्त होता.

रविवारी मी एकटीच गेले. टेबलावर शाल, नारळ तयार.

"काकू कुठे आहेत?"

"काकू नाही सर. अशी बाईच नाही. मी रचली."

"म्हणजे तू आम्हाला फसवलंस?"

"मागच्या बैठकीत खोटं बोलली मी. कथेत नाही बोलली."

सोबत आणून त्यांच्यासमोर ठेवलेले माझे कागद मी परत उचलले. कुणी अडवलं नाही. मागून संपादकांचा आवाज आला, "तुझंच नुकसान आहे, बेटा." त्यांना "बेटा" म्हणायला कधी सुचतं, ते मी तेव्हापासून लक्षात ठेवलं आहे.

कथा मी नागपूरच्या एका मासिकाला पाठवली. "काहून" तसंच ठेवून. तिथल्या संपादकांचा फोन आला. "अनुभव दांडगा आहे तुमचा." गोड आवाज होता. मी लगेच सावध झाले. म्हटलं, "अनुभव नाही. वर 'कथा' असं लिहून छापणार असाल तर छापा." त्यांनी 'बघतो' म्हणून फोन ठेवला.

अंक आला तेव्हा आधी अनुक्रमणिका तपासली. मग मथळा. मग एकेक ओळ, कुठे हात मारलाय का. कथाच होती. माझीच होती. आनंद झाला, पण अंक घरात सगळ्यांना दाखवायला दोन दिवस लागले.

बाबांनी ती वाचली. विचारलं, "हा मेलेला मी नाही ना, पोट्टे?"

"नाही बाबा."

"मंग ठीक. पण तो पहारेकरी एखाद्या दिवशी डबा खाऊन टाकते, असं पाहिजे होतं."

ते बरोबर बोलत होते. माझी कथा कथा म्हणून वाचणारे बाबा पहिलेच.

आता तेलीबांध्याच्या बंगल्यात राहणाऱ्या एका साहेबाच्या बायकोवर लिहिते आहे. तसल्या घरात मी पाऊल टाकलेलं नाही. विचारतील, तुला काय माहीत? विचारू देत. ते आमच्या वस्त्यांवर लिहितात तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही.

हे वर सांगितलं ते घडलेलं आहे. हे एवढंच, एकदाच. यापुढे माझ्याकडे अनुभव मागायला येऊ नका. मी कथा लिहिणार, आणि तिच्यात कोण जगेल, कोण मरेल ते मी ठरवणार.