कलम चार आणि पलीकडचं रान

"म्हंजे आमी यात नाय," जनीमावशी म्हणाल्या.

मी वाचायचं थांबलो. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत समाजमंदिराच्या ओट्यावर रविवारी सकाळी मी बिल वाचून दाखवत होतो. बिल म्हणजे कायद्याचा मसुदा. हे बिल रानातला हिरडा, मध, डिंक गोळा करणाऱ्यांच्या नोंदणीचं होतं. नोंदणी असेल त्यांचाच माल सरकारी केंद्रावर घेतला जाणार होता. लोकसभेत ते शुक्रवारीच पास झालं होतं.

मी मूळचा याच भागातल्या शेणव्याचा. राज्यसभेच्या एका सदस्यांकडे संशोधन सहायक आहे. बिलं वाचायची, नोट काढायची, हे माझं काम. त्या सदस्य म्हणजे आमच्या मॅडम, पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. शुक्रवारी त्यांनी माझी नोट वाचली आणि म्हणाल्या, "मंगळवारी हे आपल्याकडे येतंय. तुझ्या भागात हिरडा आहे ना? जा, त्या लोकांना वाचून दाखव."

नोटमध्ये मी लिहिलं होतं, 'आक्षेपार्ह काही नाही.'

"मावशी, तुम्ही का नाही यात?" मी विचारलं.

"तुमीच वाचलंत ना? राहत्या गावाच्या हद्दीतल्या रानातून. आमचं गाव हितं. हिरडा वरती, पल्याडच्या गावच्या हद्दीत. माझी सासू तितंच जायची, मीबी तितंच जाते. मंग आमी कोन?"

ओट्यावरच्या बाया एकदम बोलायला लागल्या. ही अट कलम चारमध्ये होती. ते कलम मी तीनदा वाचलं होतं. साठीच्या, शाळेत न गेलेल्या बाईने ते एकदा ऐकलं होतं.

मागून एक गृहस्थ म्हणाले, "पण पास झालं ना दिल्लीत? आता काय उपेग?"

"अर्धं पास झालंय," मी सांगितलं. "संसदेत दोन सभागृहं. लोकसभेत आपण मत देऊन पाठवलेले. राज्यसभेत बहुतेक सगळे राज्यांच्या आमदारांनी निवडलेले. असलं बिल दोन्हीकडे एकाच शब्दांत पास व्हावं लागतं. राज्यसभेने शब्द बदलला, तर बिल परत लोकसभेत जातं."

"आनि त्यांनी नाय ऐकलं तर?" जनीमावशींनी विचारलं.

"मग दोन्ही सभागृहांना एकत्र बसवता येतं. पण तसं क्वचितच होतं."

"मंग सांगा जाऊन तुमच्या बाईंना."

वाडीत रेंज नव्हती. खाली रस्त्याला येऊन फोन लावला. माझी नोट चुकली, हे आधी सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं.

"हद्दीची अटच काढून टाकू या," मी म्हणालो.

"नको. अट काढली तर मंत्री म्हणतील, बाहेरचे व्यापारी नोंदणी करतील. 'हद्दीतील किंवा लगतच्या' असं कर. समोरच्याला हो म्हणायला जागा ठेवावी."

दुरुस्तीची नोटीस एक दिवस आधी द्यावी लागते. रात्रीच्या विमानाने दिल्लीला गेलो. सोमवारी सकाळी मॅडमच्या सहीची नोटीस राज्यसभेच्या सचिवालयात दिली. तिथल्या अधिकाऱ्यांनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "कलम नऊमध्ये हीच शब्दरचना आहे. तिथे बदलायची नाही?" तीही माझ्या नजरेतून सुटली होती.

मॅडम विरोधी बाकावरच्या. विरोधकांची दुरुस्ती सहसा आवाजी मतदानात पडते. म्हणून दुपारी त्या स्वतःच मंत्र्यांकडे गेल्या. मी मागे फाइल धरून.

मंत्री म्हणाले, "मॅडम, मुद्दा बरोबर आहे. पण बिल परत लोकसभेत न्यावं लागेल. सेशन बुधवारी संपतंय. नंतर कायद्याखालच्या नियमांत घालू, सभागृहात आश्वासन देतो."

"नियम कायद्याच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. कायद्यातच हद्द लिहिली, तर तुमचा नियम कोर्टात टिकेल?"

मंत्र्यांनी कलम चार काढून पुन्हा वाचलं. मग आपल्या सचिवांना म्हणाले, "सरकारतर्फे दुरुस्ती तयार करा. दोन्ही कलमांना."

मंगळवारी त्यांनी ती राज्यसभेत मांडली. मॅडमनी आपली मांडली नाही. त्या तीन मिनिटं बोलल्या, वाडीतला प्रश्न सांगितला, मंत्र्यांचे आभार मानले आणि बसल्या. दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. बुधवारी बिल लोकसभेत परत गेलं. तिथे फक्त बदललेल्या शब्दांवर विचार झाला. ज्यांनी शुक्रवारी ते पास केलं होतं, त्यांनीच कुठलाही कमीपणा न मानता बदल मान्य केला. पुढे राष्ट्रपतींची सही झाली.

मी गॅलरीत बसून हे पाहत होतो. एवढा आरडाओरडा चालणाऱ्या ठिकाणी दोन शब्दांसाठी इतकी माणसं थांबली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

नियम निघाल्यावर नोंदणी सुरू झाली. जनीमावशींचं कार्ड झालं, त्यांच्या सुनेचंही. मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "फोटो बेकार काढलाय."

दोन सभागृहं कशाला, एकाने भागलं असतं, असं मला पुष्कळजण विचारतात. मी वाद घालत नाही. घटना लिहिणाऱ्यांनी दुसऱ्यांदा वाचायची सोय करून ठेवली आहे, आणि तीनदा वाचूनही चुकणाऱ्या माणसाने तिच्याविरुद्ध बोलू नये.