आक्काच्या पडवीतला बुवा

माझ्या मोठ्या बहिणीला, आक्काला, मुरबाड तालुक्यात म्हशाजवळच्या एका गावात दिलं होतं. मेहुणे अचानक गेले तेव्हा ती पन्नाशीच्या आत-बाहेर असेल. मूलबाळ नव्हतं. कौलारू घर, पुढे पडवी, मागे आंब्याची चार झाडं आणि भाताचं थोडं शेत एवढं तिच्या वाट्याला आलं. मी शहापूरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. महिन्यातून एकदा किन्हवलीमार्गे एसटीने तिच्याकडे जायचो, धान्य पाखडून ठेवलंय का, कौलं फुटलीत का, ते बघायचो. भावाचं कर्तव्य, असं मी स्वतःला सांगत असे.

मेहुण्यांना जाऊन दोन वर्षं झाली असतील. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. एका खेपेला गेलो तर पडवीत खाटेवर एक अनोळखी माणूस बसलेला. पांढरी लुंगी, अंगात बंडी, दाढी नीट कातरलेली, वय पंचावन्नच्या आसपास. समोर गावाबाहेरच्या आदिवासी वाडीवरची पाच-सहा पोरंबाळं पेज पीत होती आणि आक्का वाढत होती.

"हे कोण?" मी आत जाऊन विचारलं.

"बुवा हायत. जत्रंला आले नि हितंच रायले. लोकांची सेवा करतात."

"तुझ्या घरात राहून?"

"पडवीत," आक्का म्हणाली. तिच्या लेखी पडवी आणि घर यात बराच फरक होता. माझ्या लेखी नव्हता.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात किडा शिरला. बुवा कधी कुणाला भस्म लावत नसे, गंडेदोरे देत नसे, भविष्य सांगत नसे. संध्याकाळी दोन अभंग म्हणायचा, तेही बेसूर. याचाच मला जास्त संशय यायचा. सरळ ढोंगी असता तर ओळखायला सोपा गेला असता. तो आक्काच्या विहिरीचं पाणी ओढून द्यायचा, गोठा साफ करायचा, जेवताना "बास, बास" म्हणत हात आडवा धरायचा. मी त्याच्याशी गोड बोलून माहिती काढू बघायचो. कुठले तुम्ही? "नाशिककडचे." घरी कोण? "आहेत." आधी काय करत होतात? "नोकरी." एवढंच. वर हसायचा. ते हसू मला घरी परतल्यावरही आठवायचं.

मग जीपगाड्या यायला लागल्या. कल्याण-डोंबिवलीकडची कुठली तरी दानशूर मंडळी बुवाच्या ओळखीने यायची आणि वाडीवरच्या लोकांना कांबळी वाटायची. राखाडी रंगाची, लाल काठाची कांबळी. एकदा मी तिथे होतो. आदिवासी म्हाताऱ्यांना अंगणात रांगेत बसवलं होतं. एक गृहस्थ कांबळं देताना मागे वळून फोटोवाल्याला म्हणाले, "आला का?" फ्लॅश उडाला नव्हता. म्हातारीच्या हातातलं कांबळं परत घेतलं, पुन्हा दिलं, आणि बुवा तिला हळूच म्हणाला, "हात जोड गो आजी, म्हणजे लवकर सुटू."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. लवकर सुटू! मला वाटलं, सापडला.

त्याच सुमारास शहापूरला कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या घरी मी एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट पाहिला. सहकाऱ्याकडे व्हिडिओ होता आणि जुन्या सिनेमांच्या कॅसेटी जमवायचा त्याला नाद. त्या सिनेमात एक शेठ असतो. आयुष्यभर लोकांना नाडलेलं पाप धुवायला तो रोज अन्नदान सुरू करतो. एक भोंदू महाराज त्याला सांगतो की एक दिवस जरी पंगत चुकली तरी सगळं पुण्य वाया जाईल. पुढे सुगी चांगली होते, गावात कुणी भुकेलेलंच उरत नाही, आणि शेठची धांदल उडते. शेवटी तो आपल्याच गड्यांना फाटके कपडे घालून पंगतीला बसवतो आणि त्यांच्या पाया पडतो. आम्ही हसून हसून लोळलो. पण घरी येताना मला एकच सुचत होतं, हा सिनेमा आक्काला दाखवायचा. तिला आणि साऱ्या गावाला. तोंडाने सांगून पटत नव्हतं, निदान डोळ्यांनी तरी पटेल.

सहकारी तयार झाला. एका रविवारी टीव्ही आणि व्हिडिओ गोधडीत गुंडाळून आम्ही जीपने नेले. शाळेची खोली मागून घेतली, खिडक्यांना गोणपाटं लावली. दुपारी दोनला अर्धं गाव जमलं. आणि सगळ्यांत पुढे, टीव्हीपासून हातभर अंतरावर, बुवा मांडी घालून बसला. त्याच्या शेजारी आक्का.

मी भिंतीला टेकून उभा होतो. सिनेमा बघतच नव्हतो, बुवाचं तोंड बघत होतो. पडद्यावरचा महाराज पहिल्यांदा आला तेव्हा मी श्वास रोखला. बुवा हसला. महाराजाने शेठला फसवलं तेव्हा तो मांडीवर थाप मारून हसला. गडी पंगतीला बसले तेव्हा तर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मधेच लाइट गेली. अर्धा तास अंधारात लोक बसून राहिले, तेव्हा बुवाच सगळ्यांना पुढे काय होणार याचे अंदाज विचारत होता.

सिनेमा संपल्यावर बाहेर एक म्हातारा मला म्हणाला, "बघा, कसा मोकल्या मनाचा मानूस. दुसरा असता तर उठून गेला असता."

म्हणजे मी बुवाचं नाव आणखी मोठं करून ठेवलं होतं. आक्काला मी वाटेत विचारलं, "काय कळलं तुला?"

ती थोडं चालली. मग म्हणाली, "पन त्या गड्यांना त्या दिवशी पोटभर जेवायला भेटला ना रे?"

मी कपाळाला हात लावला.

पुढच्या पौषात म्हशाची जत्रा भरली. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, पाळणे, धूळ. हिंडता हिंडता एका भांडीवाल्याच्या ताडपत्रीवर माझं लक्ष गेलं. ॲल्युमिनियमच्या टोपांच्या मागे राखाडी कांबळ्यांची चळत. लाल काठ. मी एक उचललं, उलटं केलं. कोपऱ्यावर त्या दानशूर मंडळींचा शिक्का होता.

मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला आनंद झाला. इतके दिवस वाट बघत होतो ते हातात आलं होतं.

"ही कुणी दिली?" मी विचारलं. "दाढीवाल्या माणसाने?"

"कसला दाढीवाला?" भांडीवाला म्हणाला. "वाडीवरच्या बाया आनतात. कांबल द्यायचा, टोप न्यायचा. दर जत्रंला असतो आमचा हा व्यवहार."

माझा विश्वास बसला नाही. त्याला बुवाने शिकवून ठेवलं असणार. मी तसाच वाडीवर गेलो. ज्या म्हातारीचा फोटो दोनदा काढला होता ती झोपडीबाहेर बसली होती. मी कांबळ्याचं विचारलं. ती आधी घाबरली, तिला वाटलं मी परत न्यायला आलोय. मग मला आत बोलावून तिने दाखवलं. तीन कांबळी होती. एक जीपवाल्यांचं, एक निवडणुकीतलं, एक आणखी कुणाचं तरी. चौथं देऊन तिने टोप आणला होता. चुलीवर त्यात भात शिजत होता.

"सगलेच कांबल देतात," ती म्हणाली. "थंडी काय तीन कांबलांची असते काय? काय पायजे, ता कोन इचारीत नाय."

मी तडक आक्काकडे गेलो. बुवा गोठ्यात शेण भरत होता. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "तुम्हाला हे ठाऊक होतं."

"होतं," तो म्हणाला.

"मग जीपवाल्यांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर यायचे थांबतील." त्याने घमेलं खाली ठेवलं. "पण तुम्ही म्हणताय तर सांगून बघतो."

आणि त्याने सांगितलं. पुढच्या खेपेला मी मुद्दाम हजर राहिलो होतो. बुवा त्या मंडळींना म्हणाला की वाडीला आता कांबळी नकोत, टोप-पातेली हवीत, पाण्याला एक हंडा हवा, जमलं तर विहिरीला रहाट. गृहस्थांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, आमच्याकडे ब्लँकेटचं ठरलेलं असतं, देणाऱ्यांनी ब्लँकेटसाठी दिलेलं असतं. मग त्यांनी आणलेली कांबळी वाटली, फोटो काढले आणि निघून गेले. जीपगाड्या पुन्हा आल्या नाहीत.

तरी माझा संशय फिटला नाही. उलट आता हा माणूस दुसरा डाव टाकेल असं वाटायला लागलं. कचेरीत एकजण नाशिककडचा होता, त्याच्यामार्फत मी चौकशी लावली. दोन-तीन महिन्यांनी कळलं की बुवा पूर्वी एसटीत कंडक्टर होता, आणि बायको-मुलीला सोडून निघून आला होता. मी सुटी टाकून आक्काकडे गेलो आणि विजयाने हे तिच्यापुढे ठेवलं.

"म्हाइत हाय," ती तांदूळ निवडत म्हणाली. "पयल्याच दिशी सांगितला त्यांनी. पोरगी बोलत नाय त्यांच्याशी."

"आणि तरी तू ठेवलंस?"

"पडवीत," ती म्हणाली.

त्यानंतर पंधरा दिवसांत बुवा निघून गेला. माझ्या चौकशीचं त्याच्या कानावर गेलं असावं. सकाळी पाणी भरून ठेवलं, लोट्याने तोंड धुतलं, आक्काला नमस्कार केला आणि मुरबाडच्या गाडीत बसला. आक्काच्या शेजाऱ्याने मला कचेरीत फोन करून सांगितलं. मी दुपारी पोचलो. पोचल्या पोचल्या कणगीत हात घालून पाहिलं, मग माळ्यावर चढलो, मग पितळेची भांडी मोजायला लागलो. आक्का दारात उभी राहून बघत होती.

"मोज," ती म्हणाली. "तांब्यापन मोज."

सगळं जागेवर होतं. मी खाली बसलो. ती मला पाणी देत शांतपणे म्हणाली, "तुला भ्या कसला वाटत होता रे? त्यांचा, का घराचा?"

माझा मुलगा तेव्हा दहावीला होता. आक्कामागे हे घर त्याला मिळेल, हे मी कधी कुणाला बोललो नव्हतो, बायकोलाही नाही. पण दर खेपेला कौलं मोजताना ते माझ्या मनात असायचं. आक्काला ते किती वर्षं ठाऊक होतं कोण जाणे. त्या दिवशी मी शेवटच्या गाडीने परत आलो आणि नंतर तीन महिने तिकडे फिरकलो नाही.

आक्काने पेज वाढणं सोडलं नाही. पुढे तिने पडवी अंगणवाडीला दिली आणि कागदावर सही करायला मलाच बोलावलं. मी साक्षीदार म्हणून सही केली.

बुवा खरा की खोटा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन हजार सालानंतर केव्हातरी शहापूरच्या एसटी स्टँडवर मला तो दिसल्यासारखा वाटला. शर्ट-पँट, दाढी नाही, मांडीवर पिशवी, हातात वडापाव. शेजारी एक पस्तिशीची बाई बसली होती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, पण त्याने अर्धा वडापाव मोडून तिच्या पुढे धरला आणि तिने घेतला. मी खांबाआड उभा राहून बराच वेळ बघत होतो. तोच का? मुलगी का? की आणखी कुणी? विचारायला पुढे झालो तेवढ्यात नाशिकची गाडी लागली, आणि ती दोघं गर्दीत चढली.

आक्काला हे मी सांगितलं नाही. खात्री नव्हती, असं कारण मी स्वतःला दिलं. ती त्यानंतर चार वर्षं होती.