अक्कांच्या सायकलवरून पडले तेव्हा

सायकल घ्यायचं ठरलं तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती. एरंडोलला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात मला काम मिळालं होतं, आणि आमच्या गावाहून तिकडे जाणारी रिक्षा माणसं भरल्याशिवाय हलत नाही. कधी लगेच भरते, कधी भरतच नाही. दुकानवाल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, वेळेवर येणार असशील तर ये, नाहीतर दुसरी बघते. घरात बसून लोकांच्या ब्लाउजांना हुक लावण्याचा मला वीट आला होता. मला ते काम हवंच होतं.

सासरे गेल्यापासून घरात शेवटचा शब्द माझ्या जेठांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा. त्यांनी नवऱ्याजवळ निरोप दिला, "चालवता येत असेल तर जाऊ दे. पडली तर पुन्हा नाव काढायचं नाही." निरोपच, कारण जेठ आणि धाकटी भावजय आमच्याकडे एकमेकांशी बोलत नाहीत. ते समोर आले की डोक्यावर पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. घरोघरी मोबाइल आले तरी हे असंच. मला त्याचं कधी विशेष काही वाटलं नव्हतं, पोळी लाटावी तसं होऊन जायचं.

गल्लीतल्या अक्कांकडे त्यांच्या लेकीची सायकल होती. लेक सासरी गेली आणि सायकल गोठ्यात राहिली. अक्का ती पुसतच बसल्या होत्या. "बठ्ठं नवं शे बाई. टायर, ब्रेक, बठ्ठं." टायर नवे नव्हते, पण ब्रेक खरंच चांगले होते. मी म्हटलं, आधी चालवून बघते. सायकल मी माहेरी शिकलेली, मधे किती वर्षं गेली कोण जाणे.

वेळ मुद्दाम दुपारची धरली. जेठ त्या वेळी केळीला पाणी द्यायला मळ्यात असतात. साडी साखळीत जाईल म्हणून ड्रेस घातला, ओढणी दोन्ही खांद्यांना पिना लावून पक्की केली. पहिल्यांदा हँडल जरा वळवळलं, मग जमलं. मारुतीच्या पारापर्यंत गेले, तिथून वळले, परतीला तर मस्त वारा लागत होता. मी चक्क मोठ्याने हसले. किती दिवसांनी बरं वाटलं होतं!

आणि कोपऱ्यावरून जेठ आले. वीज गेली, मोटार बंद पडली, म्हणून माणूस घरी निघालेला. मी काही विचार केला नाही. उजवा हात आपसूक उठला आणि डोक्यावर गेला. तिथे घ्यायला पदर नव्हताच. हात नुसता मानेजवळ चाचपडत राहिला, डाव्याने ब्रेक करकचून दाबला गेला, हँडल फिरलं आणि मी सायकलसकट पऱ्हाट्यांच्या ढिगात. कापसाच्या वाळक्या काड्या त्या, कोपर आणि गाल सोलून निघाला. गुडघ्याचं तर विचारू नका.

जेठ चार पावलांवर उभे होते. मला हात देता येईना, विचारताही येईना. त्यांनी पाठ फिरवली आणि ओरडून हाक मारली, "अक्का, देख वं, लागनं का तिले!" अक्का धावत आल्या. "माय वं! काय व्हयनं?" म्हणत त्यांनी आधी मला उठवलं, मग चाक फिरवून बघितलं, ब्रेक दाबून बघितले. बिचारीला वाटलं, आता दोष सायकलवर येणार. मी म्हटलं, सायकल चांगली आहे अक्का. तोवर जेठ घरी निघून गेले होते. काम गेलं, हे मला तिथेच कळलं. गुडघ्यापेक्षा तेच जास्त दुखलं.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, पडलीस कशी? सांगितलं तर तो हसायला लागला. "ड्रेसवर कुठला पदर घेत होतीस?" माझं डोकंच फिरलं. जेठ अंगणात खाटेवर बसले होते. मी नवऱ्याशीच बोलले, पण आवाज अंगणात जाईल असा ठेवला.

"हसू नका. सायकल मला येते. पारापर्यंत गेले, वळले, परत आले, कुठे पडले नाही. मोठं माणूस दिसलं म्हणून हात सुटला. आता घरातल्यांनीच ठरवावं, मान हवा की हँडल धरायला हवं. एका हातात दोन्ही मावत नाहीत."

मला भीती वाटली, जास्त बोलले की काय. जेवण झालं, जेठांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि भावाला म्हणाले, "तिले सांग, माले देखीसन हँडल सोडानं नही." आणि झोपायला गेले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि रागही आला. स्वतःचा हात स्वतःच्या हँडलवर ठेवायला मला परवानगी मिळाली होती.

सोमवारी अक्कांची सायकल घेऊन कामाला निघाले. गुडघा अजून ठणकत होता. पाराजवळ रस्त्याच्या मधोमध जेठ कुणाशी तरी बोलत उभे, पाठ माझ्याकडे. बाजूला शेणाचा गाडा, जायला जागा नाही. बाजूला व्हा म्हणायची सोय नाही, आणि उतरले तर वेळ जाणार. हात वर जायला बघत होता, मी मुठी आवळून धरल्या.

मग मी घंटी वाजवली. ते बाजूला झाले.