हवल्लीतल्या डॉक्टरांचा होकार

यांना इन्सुलिन टोचताना सुईच्या टोकाशी थेंब येतो आणि त्याच्या उग्र वासाने मी अजूनही हवल्लीतल्या दवाखान्यात जाऊन उभी राहते.

इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा मी तिथे नर्स होते. "दवाखाना तुमचाच माणूस चालवेल," असं सांगून त्यांनी आमच्या कुवेती डॉक्टर फहादना प्रमुख नेमलं. औषधं तरी वाचतील म्हणून ते हो म्हणाले. शेजाऱ्यांनी त्यांच्या सलामाला उत्तर देणं सोडलं.

थोड्याच दिवसांत कुवेत हा इराकचा प्रांत झाल्याचं जाहीर झालं आणि एक अधिकारी आला.

"आता हुकूम थेट बगदादहून येतील. तुमची गरज नाही," तो म्हणाला. त्याचे सैनिक इन्सुलिनचा फ्रिज उचलत होते.

"निदान बाहेर बसलेल्यांपुरतं राहू द्या," डॉक्टर म्हणाले.

त्याने ऐकलं नाही.

"सिस्टर, लोकांना मीच सांगतो," म्हणत डॉक्टर बाहेर गेले. एक म्हातारी त्यांच्या तोंडावर थुंकली. त्यांनी कोटाच्या बाहीने गाल पुसला आणि ते पुढच्या रुग्णाकडे वळले.

तेव्हा वाटायचं, त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. आता कळतं, नाही म्हटलं असतं तरी फ्रिज गेलाच असता.