गेनर प्रॉसर आणि निळी खुर्ची

गेनर प्रॉसरच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर कायम तीन थर असायचे. खाली कचऱ्याची काळी पिशवी, तिच्यावर जुना टॉवेल आणि सगळ्यात वर गडद तांबडी शाल. शाल तांबडीच का, हे वेल्सच्या त्या खोऱ्यातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागलं नसतं. पुरुषांनी विचारलंच नसतं.

ही गाडी तिला अपंगत्वाच्या भत्त्यातून मिळालेली होती, म्हणजे भत्ता आहे तोवर गाडी. शाळेच्या स्वयंपाकघरात मोठाली पातेली उचलता उचलता तिला ऐन तिशीत संधिवाताने गाठलं. आधी बोटं वाकडी झाली, मग गुडघे गेले, मग दोन कुबड्या आल्या. एवढ्यावर भागलं असतं तर तिने निभावून नेलं असतं. पण पंचेचाळिशीत गर्भाशयात गाठी झाल्या आणि अंगावरून जायला लागलं. जायला लागलं म्हणजे काय, तर खाटकाकडे कलेजीचे तुकडे ठेवलेले असतात ना, तसल्या गाठी पडायच्या. महिन्यातले मोजके दिवस कोरडे, बाकी सगळे ओले. ऑपरेशन करायचं तर रक्त भरून यायला हवं, आणि रक्त भरून यायचं तर ऑपरेशन व्हायला हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्याने पोट दगडासारखं झालं, आणि नाव यादीत टाकून ते मोकळे झाले.

तिचं घर डोंगराच्या उतारावर, रांगेतल्या घरांतलं वरून दुसरं. बस खाली नदीकाठी थांबते. गाडी यायच्या आधी एकदा ती बसने बाजारातून परतत होती. आपला थांबा आला तेव्हा तिला कळलं की आता उठले तर मागचे सगळे बघतील. म्हणून ती उठलीच नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेली, बस रिकामी होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मग डोक्याचा रुमाल सोडून सीट पुसायला लागली. ड्रायव्हर आरशातून बघत होता. तो म्हणाला, "राहू दे बाई, आम्ही धुऊ," पण त्याने नाक मुरडलेलं तिने पाहिलं होतं. त्या दिवसानंतर ती बसमध्ये चढली नाही. गाडी गेली तर घराचा उंबरठा हीच तिची वेस होणार होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अशात फेरतपासणीचं बोलावणं आलं. भत्ता पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ठरवायला तपासनीस बघणार होता. तारीख नेमकी अंगावरून सगळ्यात जास्त जायच्या दिवसांतली. तिने फोन करून तारीख बदलून मागितली.

"कारण?" पलीकडची बाई म्हणाली.

"मला फार जातंय. घराबाहेर पडण्यासारखी नाही मी."

"फार काय जातंय?"

गेनरने आवाज खाली आणला, घरात चिटपाखरू नव्हतं तरी. "पाळी."

"अहो, ती तर सगळ्यांनाच येते," ती बाई म्हणाली, आणि वर सांगितलं की मागेही एकदा तारीख बदलून झाली आहे, आता आला नाहीत तर प्रकरण बंद होईल. बाईच बाईला असं म्हणते तेव्हा फोन आपटावासा वाटतो. गेनरने थँक यू म्हणून तो हळूच ठेवला.

त्या दिवशी सकाळी तिची थोरली बहीण नेरिस न्यायला आली, तेव्हा गेनर इस्त्रीचा ब्लाउज, निळी पँट आणि ओठांना लाली लावून दारात उभी.

"कुणाचं लग्न आहे?" नेरिस म्हणाली.

"गबाळ्यासारखी जाऊ?"

"गबाळ्यासारखंच जायचं असतं, येडे. केस विंचरलेले दिसले की म्हणतात, हात वर जातात हिचे."

"केस तू विंचरलेस काल."

"ते त्यांना कोण सांगणार? आणि कसं काय विचारलं तर बरंय म्हणू नकोस. जीभ चाव, पण बरंय म्हणू नकोस."

तपासणीची खोली एका जुन्या कचेरीत होती. अपंगांच्या संडासाला कुलूप आणि त्याची किल्ली पहारेकऱ्याकडे, पहारेकरी चहाला. अपंगांची तपासणी करणाऱ्या जागी अपंगांच्या संडासाला कुलूप लावणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे लिहिण्यासारखं नाही. गेनरला आतून ओलं जाणवायला लागलं होतं, म्हणून नेरिस किल्ली शोधायला गेली, आणि तेवढ्यात नाव पुकारलं गेलं.

तपासनीस कॅलम नावाचा तरणा पोरगा होता. दाढी नीट कातरलेली, बूट चकचकीत. समोर हलक्या निळ्या कापडाची खुर्ची होती. "बसा ना. कशा आहात आज?" तो हसून म्हणाला.

त्या खोऱ्यात हा प्रश्न विचारला तर माणूस शवपेटीतूनही एकच उत्तर देईल. "बरंय," गेनर म्हणाली. "कुरकुर करण्यासारखं काही नाही." म्हटल्यावर तिला नेरिसचं बोलणं आठवलं, पण त्याने ते टाइप करून टाकलं होतं.

मग प्रश्न सुरू झाले. टीव्ही बघता का? कुत्रा पाळलाय का? त्याला फिरवतं कोण? भाजी चिरता येते का? ती देत होती ती उत्तरं लांबलचक आणि तो टाइप करत होता ते मात्र थोडकं. मग तो म्हणाला, "संडासाला एकट्या जाऊ शकता?"

या प्रश्नाची तिने घरी तयारी केली होती. मान खाली घालून ती बोलायला लागली. "मला पॅडची वेष्टनं फाडता येत नाहीत, बोटं अशी आहेत. बहीण येते आणि सगळी उघडून बिस्किटांच्या डब्यात रचून ठेवते. पण चिकटपट्टी सरळ बसत नाही माझ्याच्याने. वाकून पुसता येत नाही. कधी कधी बाथरूममधून निघायच्या आत परत..."

कॅलमने तळहात वर केला. "हा प्रश्न लघवी आणि शौचापुरता आहे. ते दुसरं यात येत नाही."

"मग ते कशात येतं?"

"तसा प्रश्नच नाहीये," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. ते दुसरं. बाईच्याच पोटातून आलेला हा प्राणी, पण तो शब्द उच्चारायचा म्हटलं तर त्याच्या जिभेला झुरळ लागल्यासारखं होत होतं.

"आता जरा उभ्या राहता का? हात वर करून दाखवा."

कुबड्यांवर भार टाकून गेनर उठली आणि उठतानाच तिला कळलं. मांड्यांवरून गरम काहीतरी सरकलं. तिने मागे पाहिलं. निळ्या कापडावर तळहाताएवढा लाल डाग होता, मध्यभागी चकाकणारा. वास आला, तो लोखंडी वास, जो तिला स्वतःच्या घरातही सहन होत नसे. तिला आधी स्वतःची किळस आली, मग खोलीची, मग त्या हलक्या निळ्या रंगाची. तसली खुर्ची निवडणाऱ्याला काय वाटलं होतं, इथे कोण बसणार?

कॅलमने डाग पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि आपला लॅपटॉप थोडा मागे ओढून घेतला. "असू दे," तो म्हणाला. "येईल कोणीतरी पुसायला."

येईल कोणीतरी. गेनरची आई जन्मभर कचेऱ्या झाडत होती. लोक काय काय टाकून जातात ते घरी येऊन सांगत, कोपरापर्यंत हात घासत बसायची. आपली घाण दुसऱ्या बाईच्या हाती द्यायची नाही, हा प्रॉसरांच्या घरातला एकुलता एक धर्म. तेव्हा ते कोणीतरी कोण असतं, हे गेनरला पुरेपूर माहीत होतं.

तिने टेबलाची कड धरली आणि खाली बसली. गुडघ्यांत काच फुटल्यासारखं झालं. पिशवीतले ओले टिश्यू काढले, टेबलावरच्या पेल्यातलं थंड पाणी ओतलं, आणि दोन्ही पंजे एकावर एक ठेवून घासायला लागली, कारण एकेकटा पंजा वळत नव्हता. तोंडाने "सॉरी, सॉरी हं" चालूच. कॅलमने हात पुढे केला नाही. तो लॅपटॉपकडे बघत होता. तिला वाटलं, बिचारा लाजून नजर वळवतोय. टाइप करायचा आवाज येत होता तरी तिला तसंच वाटलं. डाग फिका होऊन गुलाबी झाला, तेव्हा खुर्चीच्याच पाठीला लोंबकळून ती उठली. नेरिस किल्ली घेऊन आली तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्यानंतरचे कित्येक दिवस तिने अंथरुणात काढले. कप उचलवत नव्हता, नेरिस नळी लावून चहा पाजत होती.

निकाल आला. भत्ता बंद. तपासनिसाने लिहिलं होतं की बाई नीटनेटक्या होत्या, बरंय म्हणाल्या. खोलीत काहीतरी सांडल्यावर आपणहून गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही हातांनी जोर लावून बराच वेळ पुसलं आणि कोणाच्या मदतीशिवाय उठल्या. वेदना दिसल्या नाहीत. त्यात रक्ताचा उल्लेख नव्हता, कुठेच.

नेरिसने ते वाचून दाखवलं आणि तिच्या तोंडून अशा शिव्या निघाल्या की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.  गेनर न्हाणीत जाऊन ओकली. मग गाडी न्यायला माणूस आला. त्याने सीटवरचे तीनही थर उचलून तिच्या हातात दिले, दोन बोटांनी धरून.

अपील नेरिसने लावलं. सुनावणीपर्यंतचे महिने गेनरने खिडकीत काढले. ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीची वेळही एकदा चुकली, कारण त्या दिवशी नेरिसला सुट्टी मिळाली नाही आणि बसमध्ये ही चढली नाही. नाव परत यादीच्या तळाला गेलं.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबलापलीकडे तिघे होते. मध्ये न्यायाधीश बाई, एका बाजूला म्हातारा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पांढरी काठी घेतलेले एक गृहस्थ, जे बहुतेक वेळ ऐकतच होते. आणि गेनरला बसायला, देवाची करणी बघा, निळ्याच कापडाची खुर्ची. सरकारला एकच दुकान माहीत असावं.

"इथे लिहिलंय, तुम्ही सांडलेलं पुसलंत," डॉक्टर म्हणाला. "काय सांडलं होतं? चहा?"

गेनरने नेरिसकडे पाहिलं. नेरिसने तिला कोपराने ढोसलं. त्या ढोसण्यात, आता तूच बोल, असं होतं.

"रक्त," गेनर म्हणाली. "माझं. पाळीचं. त्या मुलाने पाहिलं ते. खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग टाइप केलं. त्याला ते दुसरं वाटतं. ते दुसरं नाहीये हो. माझा सगळा दिवस त्यातच जातो."



"पण मग पुसलंत कशाला, एवढं दुखत असताना?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"नाहीतर माझ्यासारखीच दुसरी कोणी पुसत बसली असती."

बाईंनी डॉक्टरकडे पाहिलं आणि दोघींना बाहेर थांबायला सांगितलं. गेनर उठली. उठतानाच तिला कळलं. तिने मागे पाहिलं नाही, पांढरी काठीवाले गृहस्थ सोडून बाकी सगळ्यांनी पाहिलं. तिचा हात आपोआप पिशवीतल्या ओल्या टिश्यूकडे गेला.

"गेनर," नेरिस हळू आवाजात म्हणाली. "वाकलीस तर संपलं."

हात पिशवीत तसाच राहिला. गुडघे दुखत होते, ते नेहमीचंच. पण तो डाग तसाच सोडून दाराकडे चालत जाणं, याची जी शिसारी तिला आली तशी त्या पोराचीही आली नव्हती. आईच्या तोंडावर थुंकल्यासारखं वाटलं. ती चालत गेली.

परत बोलावलं तेव्हा निळी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, आणि मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिच्यावर वर्तमानपत्र पसरलेलं. चांगलं चौकोनी, घडीबिडी घालून. भलं करायला गेलेली माणसं काय काय करतात. गेनर उभीच राहिली.

अपील मान्य झालं. भत्ता पहिल्यासारखा, गाडीसुद्धा. नेरिस रडायला लागली. गेनरला रडू आलं नाही. जिंकल्यासारखं तिला काहीच वाटत नव्हतं, फक्त लवकर बाहेर पडावं आणि आंघोळ करावी असं वाटत होतं.

"काही विचारायचंय?" न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"ती खुर्ची," गेनर म्हणाली.

"त्याची काळजी करू नका. येईल कोणीतरी."

बाहेर बोळात ते कोणीतरी उभं होतं. साठीची एक बाई, बादलीची गाडी ढकलत, अंगात निळा झगा. कुणीतरी तिला आधीच सांगितलेलं दिसत होतं. गेनर तिच्यासमोर थांबली. त्या दिवसातलं सगळ्यात अवघड वाक्य तिला तिथे बोलावं लागलं.

"आतली खुर्ची माझ्यामुळे घाण झालीय. थंड पाणी घ्या, गरम नको. मीच पुसली असती हो, पण मी वाकलेलं चालत नाही त्यांना."

बाईने तिच्या कुबड्या पाहिल्या, मागे येऊन पँट पाहिली. मग आपला झगा काढून गेनरच्या कमरेला मागून बांधला, गाठ पुढे घट्ट आवळली आणि बादली घेऊन आत गेली.