ग्रीसमावशीची चक्री

आमच्या बागेतल्या झोक्यांना आणि घसरगुंड्यांना गेली बावीस वर्षं एकाच बाईचा हात लागलाय. उद्यान खात्याच्या कागदावर ती फिटर आहे, पण मुलं तिला ग्रीसमावशी म्हणतात, आणि मुलांचं ऐकून आम्ही माळीही तसंच म्हणायला लागलो. मी त्याच बागेत माळी आहे, त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि थोडं अंगावरही घेतलंय.

मावशी बुटकी, गोल आणि भरभर चालणारी. खांद्याला जाड कापडाची पिशवी, तिच्यात नट आवळायचे पाने, चिंध्या आणि ग्रीसचा डबा. फाटकातून आत येतानाच कुठला झोका कुरकुरतोय ते तिला न बघता कळायचं. स्वतः मात्र ती कधी झोक्यावर बसायची नाही. दोन हेलकाव्यांत तिचं डोकं गरगरायचं. साखळीला लोंबकळून बघायची, हाताने ढकलून बघायची, आणि पास करायची. घरी नवरा शिंपी. तोंडात कायम टाचण्या धरून धरून त्याची बोलायची सवयच मोडली, असं ती सांगायची. दोघांच्या वाटचं बोलायचं काम तिने एकटीने अंगावर घेतलं होतं.

बागेत रोज संध्याकाळी एक नऊ वर्षांची पोरगी यायची, व्हीलचेअरवर. तिच्या पायांत जन्मापासून ताकद नव्हती. वडील बसमध्ये कंडक्टर. सकाळची पाळी संपवून, जेवून ते तिला घेऊन यायचे. फाटकाजवळ, मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून, लोखंडी नळ्यांचं नागमोडी वळण होतं. त्यातून खुर्ची जायची नाही. वडील आधी पोरीला उचलून आत ठेवायचे, मग खुर्ची उचलायचे. आत आल्यावर ती वाळूच्या कडेला बसायची आणि गळ्यातली शिट्टी तोंडात धरायची. घसरगुंडीवर कोणाचा नंबर, झोक्यावर कोण जास्त वेळ बसलं, ढकललं कोणी, हे सगळं ती ठरवायची. मुलं तिला पंच म्हणत, आणि तिचा निर्णय कोणी मोडत नसे.

एकदा मावशी घसरगुंडीचे नट आवळत होती. पोरगी तिला म्हणाली, “तुमचा तिसरा झोका डावीकडे ओढतो.”

“कधीपासून?”

“मागच्या मंगळवारपासून. आधी सरळ जायचा.”

मावशी शिडी लावून वर चढली. डाव्या कडीचा बुश, म्हणजे आतली छोटी नळी, खरंच एका बाजूने झिजला होता. खाली उतरून ती पोरीशेजारी बसली. वीस वर्षांत तिच्याकडे इतकी नेमकी तक्रार कोणी केली नव्हती. तेव्हापासून दोघींची रोज बैठक व्हायला लागली. कुठल्या सीसॉच्या फळीत बोट चिमटतं, कुठली घसरगुंडी उन्हात चटका देते, पोरीला सगळं पाठ होतं. आणि यातल्या एकाही खेळावर ती कधी चढलेली नव्हती. हे लक्षात यायला मावशीला तीन दिवस लागले. लक्षात आलं त्या दिवशी ती अर्धा तास एकच नट आवळत बसली. आम्ही माळी लांबून बघत होतो. आम्हाला वाटलं तिची तब्येत बिघडली.

मग तिने विचारलं, कशावर बसायला आवडेल? झोका म्हणेल, असं मावशीने धरूनच ठेवलं होतं.

“चक्री,” पोरगी म्हणाली. “मला गरगरायचंय. पोटातलं सगळं वर येईपर्यंत.”

आमची चक्री म्हणजे लोखंडी गोल चौथरा. मुलं दांड्या धरून पळायची आणि वेग आला की उडी मारून वर चढायची. चौथरा जमिनीपासून सव्वा फूट उंच, आणि भोवती वाळू. खुर्चीचं चाक त्या वाळूत असं रुतायचं की काढताना दोन माणसं लागायची. बाबा मांडीवर घेऊन बसतील की, असं मावशी म्हणाली. पोरीने मान हलवली. तसं एकदा केलं होतं म्हणे. “मग बाबाच खेळतात. मी नुसतं सामान असते.”

मावशी तडक अधीक्षक साहेबांकडे गेली. साहेब मनाने चांगले, पण फार भित्रे. कोरा कागद पुढे ठेवला तरी त्यांना घाम फुटायचा. त्यांनी विचारलं, अशी किती मुलं येतात बागेत? मावशीने खरं ते सांगितलं, एक. साहेबांनी हात पसरले. एका मुलासाठी अख्खी चक्री उकरायची म्हणजे वरून विचारणा होणार. मावशी पाय आपटत परत आली आणि पोरीला सगळं सांगितलं.

“येत नाहीत म्हणजे नाहीत, असं थोडंच आहे,” पोरगी म्हणाली.

ती आठवड्यातून दोनदा तिच्यासारख्या मुलांच्या व्यायामाच्या केंद्रात जायची. तिथे तिने काय चक्रं फिरवली देव जाणे, पण शनिवारी संध्याकाळी फाटकापुढे तेरा मुलं हजर. नऊ खुर्च्या, तीन कुबडीवाले, आणि एक पांढरी काठी घेतलेला, डोळ्यांनी न दिसणारा मुलगा. सगळी वरात त्या नागमोडी वळणापाशी अडली. एकीच्या खुर्चीला रबरी भोंगा होता. ती तो दाबतच राहिली. आवाज ऐकून साहेब बाहेर आले. माणूस सभ्य, त्यामुळे त्यांनी बाह्या सरसावल्या आणि स्वतः उचलायला लागले. आम्ही पुढे झालो तर आम्हाला थांबवलं. पहिली खुर्ची गेली, दुसरी गेली. तिसरी बॅटरीवर चालणारी होती, कपाटाएवढ्या वजनाची. तिने साहेबांची कंबर धरली.

साहेबांना सरळ होता येईना. त्यांचं तोंड नेमकं पंचाच्या तोंडासमोर आलं.

“काका, हे वळण कशासाठी लावलंय?” तिने अगदी नम्रपणे विचारलं.

“मोटारसायकली येऊ नयेत म्हणून.”

तेवढ्यात पाण्याच्या बाटल्या पोचवणारा माणूस, रोजच्यासारखा, कुंपणाच्या मागच्या भगदाडातून मोटारसायकलवर आत आला आणि साहेबांना नमस्कार करून कचेरीकडे गेला. वाकलेल्या अवस्थेत साहेब त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. सोमवारी वळण कापायचा हुकूम निघाला. मावशीनेच कापलं. ठिणग्या उडत होत्या आणि काळ्या चष्म्याआड बाई गुणगुणत होती.

चक्रीला परवानगी मिळाली ती ‘प्रायोगिक’ म्हणून. मावशीने भंगारातून एका जुन्या ट्रकच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो मधला तुंबा आणला, खड्डा खणून काँक्रीटमध्ये पक्का केला आणि त्यावर चौथरा अशा बेताने बसवला की तो जमिनीच्या बरोबर पातळीत आला. खुर्ची सरळ ढकलत वर न्यायची, काही उचलायला नको. वाळू काढून रबराच्या लाद्या घातल्या. सल्लागार अर्थातच पंच. मावशीने आधी चारी बाजूंनी उंच कठडा केला. पोरगी म्हणाली, हा पिंजरा आहे आणि मी पोपट नाही. कठडा कापला. मग मावशीने खुर्च्यांची जागा मधोमध केली, सुरक्षित म्हणून. तेही नापास.

“मधे बसलं की नुसतं फिरतं,” पोरगी म्हणाली. “कडेला बसलं की उडतं. उगाच का सगळी कडेसाठी भांडतात?”

शेवटी कडेला चार खाचा झाल्या, प्रत्येक खाचेत चाक अडकवायची खिट्टी, आणि मधल्या जागेत चालणाऱ्या मुलांसाठी बाक. काही मुलांना पाठ सावरता येत नव्हती, त्यांना पट्टे हवे होते. मावशीने नवऱ्याला आणलं. त्याने तेरा मुलांची मापं घेतली, टाचण्या काढून खिशात ठेवल्या आणि प्रत्येकाला कुठला रंग हवा ते विचारलं. मावशी सांगते, आमच्या लग्नातही तो एवढं बोलला नव्हता. पांढऱ्या काठीवाल्या मुलाची अडचण वेगळीच निघाली. चक्री थांबते तेव्हा चढायची जागा दर वेळी दुसरीकडे असते, मग मी ती शोधू कशी? मावशीने त्या जागेवर सायकलची घंटी अशी बसवली की फेरी पूर्ण झाली की वाजावी, आणि थांबल्यावर कोणीही दाबावी.

आता राहिली वजनाची चाचणी. नियमाप्रमाणे सहाशे किलो हवं. वाळूची पोती ठेवावीत तर वाळू कधीच दुसऱ्या बागेत गेलेली. साहेब म्हणाले, माणसं बसवू. रोपवाटिकेतला खताची पोती तोलायचा काटा आणला. आम्ही चार माळी, पहारेकरी, कंडक्टर, शिंपी आणि स्वतः साहेब. साहेबांनी आपलं वजन बहात्तर सांगितलं. काट्याने शहाऐंशी दाखवलं. आम्ही शहाऐंशी लिहून घेतलं. हातात फाईल धरून ते कडेच्या खाचेत एका स्टुलावर बसले. ब्रेक उद्या बसणार होता. आज फक्त वजन बघायचं, फिरवायचं हळूच, असं ठरलं होतं.

पंचाने शिट्टी वाजवली. मावशीने ढकललं. तिने हबमध्ये अख्खा डबाभर ग्रीस भरलं होतं, आणि ट्रकच्या चाकाला आठ माणसं म्हणजे किस झाड की पत्ती. पहिल्या फेरीला आम्ही मान ताठ ठेवून बसलो होतो. चक्री इतकी गुळगुळीत फिरतेय हे बघून मावशीला राहवलं नाही, तिने अजून दोनदा ढकललं. तिसऱ्या फेरीला साहेबांची फाईल सुटली आणि कागद कबुतरांसारखे बागभर उडाले. कंडक्टर सवयीने ओरडायला लागला, पुढे चला, पुढे सरका. आणि मग शिंपी हसायला लागला. बारीक, उचकी लागल्यासारखं हसू, थांबेचना. मावशी आम्हाला आवरायला हात पुढे करून उभी होती. ते हसू ऐकून तिचे हात खाली आले. दोन फेऱ्या तिने नुसतं बघितलं, आणि तिसऱ्या फेरीला नवरा समोर आला तशी पिशवी फेकून चक्रीवर उडी मारली.

आता थांबवणारं कोणीच उरलं नाही. पंच जीव खाऊन शिट्टी वाजवत होती. चक्री काही तिचं ऐकेना. अखेर तिने शिट्टी सोडली आणि मान मागे टाकून अशी हसली की खुर्ची हलायला लागली. मी डोळे मिटले तर आणखी गरगरायला लागलं, उघडले तर झाडं धावत होती. घंटी टिंग टिंग वाजत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही.

चक्री थांबली तेव्हा साहेब सगळ्यांत आधी उठले. कोट नीट केला, मोठ्या रुबाबात कचेरीकडे निघाले आणि मेंदीच्या कुंपणात शिरले. कुंपणातून त्यांचा आवाज आला, “मंजूर.” मावशी गवतावर उताणी पडली होती. आभाळाचे नट ढिले झालेत, कोणीतरी आवळा, असं नवऱ्याला सांगत होती. नवरा शेजारी बसून अजून हसत होता.

दुसऱ्या दिवशी पायाने दाबायचा ब्रेक बसला, आणि शनिवारी मुलं आली. पंचाने कडेची खाच घेतली, खिट्टी स्वतः लावली, लाल पट्टा स्वतः आवळला. शिट्टी गळ्यातून काढून साहेबांच्या हातात दिली. एकदा वाजवली की सुरू, दोनदा वाजवली की थांबायचं, आणि मी सांगेपर्यंत दोनदा वाजवायची नाही, अशी ताकीद दिली. साहेबांनी मान डोलावली. कंडक्टर लांब, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभा राहिला. जवळ उभा राहिलो तर हात पुढे जाईल म्हणाला.

पहिल्या दोन फेऱ्या पोरीच्या तोंडातून आवाजच निघाला नाही. दोन्ही मुठी दांडीवर, डोळे मोठे. मावशीचा पाय ब्रेककडे गेला. तिसऱ्या फेरीला पोरीने एक हात सोडला, मग दुसरा, आणि अशी किंकाळी मारली की झाडावरचे सगळे पक्षी उठले. मग सगळीच किंचाळायला लागली. पांढऱ्या काठीवाला घंटी मोजत होता. त्याच्या हिशोबाने सोळा फेऱ्या झाल्या. खाली आल्यावर पोरगी पांढरीफटक पडली होती. नव्याकोऱ्या रबरावर तिने दुपारचं सगळं जेवण ओकून टाकलं, बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाली, “परत.” पाण्याची नळी आणायला मावशी धावत गेली. तिच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या कामाची याहून चांगली पावती मिळाली नाही, असं ती आजही सांगते.

या सगळ्याला आता दीड वर्ष झालं. चक्रीवर रोज रांग असते, चालणाऱ्या मुलांची आणि चाकांवरच्या मुलांची एकच. पंचाचं पद मात्र गेलं. रांगेत लबाडी करून दोनदा चढताना सापडली, तेव्हा मुलांनी बैठक घेऊन तिला काढून टाकलं आणि भोंगेवालीला नेमलं. दोन दिवस ती चक्रीकडे पाठ करून बसली. पावसाळ्यानंतर एकदा चक्री चालू असताना फांदीचं पान तोडायला गेली आणि कोपर सोलून घेतलं. कंडक्टरने तो पट्टी बांधलेला हात आपल्या बसमधल्या निम्म्या प्रवाशांना दाखवला. खेळताना लागलं, असं त्याला नऊ-दहा वर्षांत पहिल्यांदाच सांगायला मिळालं होतं.

आणखी तीन बागांनी मावशीला बोलावलंय. साहेबांनी तिला तिकडे पाठवायच्या पत्रावर सही करताना दोनदा वाचलंसुद्धा नाही. परवा ती पोरीला घेऊन नदीकाठच्या बागेत मापं घ्यायला गेली. तिथल्या फिटरने त्यांना घसरगुंडी दाखवली, पोरीने ती तीनदा वरून खालपर्यंत न्याहाळली आणि त्याला वही-पेन्सिल घेऊन बसायला सांगितलं. दुपारी गेलेल्या दोघी दिवेलागणीपर्यंत परतल्या नव्हत्या.