दोन शेड नाही, अर्धीही नाही: पनवेलच्या मेकअप वर्कशॉपचे दोन दिवस

जायचं ठरलं ते बहिणीच्या एका वाक्यामुळे. भाचीचं, सायलीचं, लग्न ठरलंय, मुलगा कामोठ्याचा. शोभा चहा गाळता गाळता म्हणाली, "दादा, मुलाकडचे विचारत होते, मेकअप कोण करणार? सर्टिफिकेट आहे का त्याच्याकडे?"

सत्तावीस वर्षं मी माणगावच्या आसपास नाटकांचे चेहरे रंगवतोय. त्यातली शेवटची बारा वर्षं नवरीमुलींचेही. कुणी शिकवलं नाही. दुकानांचे बोर्ड रंगवायचो, तिथून चेहऱ्यांवर आलो. सायलीच्या बारशाला तिच्या गालावर काजळाची तीट लावली तीसुद्धा मीच.

"आणतो कागद," मी म्हणालो.

"आणि नाही मिळाला तर?"

"तर आण तुझी ती पनवेलची पार्लरवाली. मी पंगतीत वाढायला उभा राहीन."

बोलून गेलो. आता माघार नव्हती.

पनवेलच्या दोन दिवसांच्या वर्कशॉपला नाव घातलं आणि सकाळी पावणेसहाची एसटी पकडली. तुम्ही जाणार असाल तर मोबाइलवरच्या वेळेवर विसंबू नका, आदल्या दिवशी स्टँडच्या खिडकीवर विचारा. रस्ता कोलाडपर्यंत बरा, पुढे कुठे गुळगुळीत सिमेंट तर कुठे नुसती खडी. रंगाची पेटी वर फळीवर ठेवू नका. मी मांडीवर घेतली म्हणून डब्या शाबूत राहिल्या. वडखळला एसटी दहा मिनिटं थांबते. चहा ठीक, भज्यांच्या वाटेला जाऊ नका. उजव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका दिसला की पेटी आवरायला घ्या. पुढे शिरढोण. आद्य क्रांतिकारकाच्या गावावरून जाताना मी उगाचच ताठ बसलो.

हॉल नवीन पनवेलमध्ये, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. एसी इतका की शाल न्याच. दारातल्या मुलीनं माझ्याकडे न बघताच सांगितलं, "काका, पालकांनी खाली थांबायचंय."

"पालक नाही. विद्यार्थी."

तिनं यादी पाहिली, मला पाहिलं, परत यादी पाहिली. "मेकअपचं वर्कशॉप आहे, काका."

"म्हणूनच पेटी आणलीय. भजनाचं असतं तर टाळ आणले असते."

आत बत्तीस मुली आणि मी. शिकवणाऱ्या तन्वी मॅडम, टीव्ही मालिकांचं काम करणाऱ्या, वयानं माझ्या निम्म्या. त्यांनी पहिलाच नियम सांगितला : "ब्रशवरची जास्तीची पावडर फुंकर मारून उडवायची नाही. तुमच्या तोंडातलं सगळं नवरीच्या चेहऱ्यावर जातं. उद्याच्या प्रॅक्टिकलला फुंकर दिसली की नापास. सर्टिफिकेटवर फक्त 'सहभाग' येईल, 'उत्तीर्ण' नाही."

मी हात वर केला. "मॅडम, सत्तावीस वर्षं फुंकतोय. एकीलाही पुरळ आलं नाही."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल, काका."

मुली हसल्या. मला राग आला. आणि रागातही कळलं, की मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

दुपारी कॅमेऱ्याचे सर आले. ते म्हणाले, ज्याला वाटतं आपली पावडर उत्तम, त्यानं पुढे यावं. मी गेलो. माझी स्वतः खललेली पावडर एका मुलीला लावली. आरशात सुंदर. सरांनी फ्लॅश मारून फोटो पडद्यावर दाखवला, तर चेहरा पीठ सांडल्यासारखा पांढरा आणि खाली मान सावळी. सत्तावीस वर्षांत कुणी एवढ्या मोठ्या पडद्यावर माझी चूक दाखवली नव्हती. मी ती डबी तिथल्या तिथे कचऱ्यात टाकली. सर म्हणाले, "अहो, राहू द्या की." म्हटलं, चूक कळल्यावर ती घरी कशाला न्यायची? आणि वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं : फ्लॅश मारल्याशिवाय चेहरा सोडायचा नाही.

मुक्काम जुन्या पनवेलात, स्टँडजवळच्या लॉजवर. खोली चिमुकली, चादर धुतलेली, आणि मला तेवढं पुरतं. जेवण एका आगरी बाईंच्या खानावळीत : तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. बाईंनी विचारलं, काय काम काढलंत? मी सांगितलं. "म्हंजे तुमी बायांना सजवता?" त्या म्हणाल्या. "मग माजा मालक मना कदी सजवनार? त्यो दुसऱ्यांचीच शेतं सजवतो." आणि एक भाकरी जास्तीची वाढली.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल. प्रत्येकाला एक मॉडेल, दोन तास, नवरीचा पूर्ण मेकअप. माझ्या वाट्याला उरणकडची एक मुलगी आली, काजल नावाची. आजा-पणजा मिठागरांतले. रंग सावळा, नितळ, असा की त्यावर हळद आणि हिरवा चुडा झळकतो. सोबत तिची आई. मी स्पंज भिजवतोय तोच आई म्हणाली, "मास्तर, जरा गोरी करा हां पोरीला. फोटू पावन्यांना धाडायचेत."

तन्वी मॅडमही जाता जाता म्हणाल्या, "नवरीला एक-दोन शेड वर घ्या, काका. क्लायंटला तेच हवं असतं."

मी काजलला विचारलं, "तुला काय हवंय?"

ती आईकडे बघत हळूच म्हणाली, "मागच्या येळी गोरी केली व्हती. भाऊ बोलला, वरळीहून कोन पावनी आली काय?"

"मग?"

"मना मीच दिसाला पायजे."

मी तिची मान उजेडाकडे वळवून रंग पाहिला. हनुवटीखाली तीन ठिपके लावले, आणि जो ठिपका दिसेनासा झाला तोच रंग चेहऱ्याला घेतला. आई तीनदा म्हणाली, "अजून काळीच हाय." मी तीनदा म्हणालो, "आहे तशीच आहे." चौथ्यांदा ती पाठ फिरवून बसली. डोळे, भुवया, ओठ, सगळं मनासारखं झालं. शेवटी गालावरचा गुलाबी. ब्रश डबीत फिरवला, वर आणला, आणि फूऽऽ.

शेजारच्या मुलीचा हात थांबला. तन्वी मॅडम दोन टेबलं पलीकडे होत्या. त्यांनी पाहिलं होतं.

त्या आल्या. चेहरा बारकाईनं तपासला. "शेड वर घेतली नाहीत. क्लायंटनं मागितलं होतं."

"मागितलं आईनं. चेहरा मुलीचा आहे. फ्लॅश मारून बघा."

सरांनी मारला. पडद्यावर चेहरा आणि मान एक. कुठे जोड नाही, कुठे पीठ नाही. काजल उठून पडद्याजवळ गेली. "आये, बग ना. ही मीच हाय." आईनं वळून बघितलं. म्हणाली, "माज्या सासूसारकी दिसतं." तक्रार की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "काका, रंगाला मी एकही मार्क कापणार नाही. पण फुंकर..."

"नियम आधी सांगितला होता. मोडला मी. 'सहभाग' लिहा."

"भांडणार नाही?"

"रंगासाठी शेवटपर्यंत भांडलो असतो. फुंकरीसाठी नाही."

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली, पण पळस्पे गेलं तरी बाहेर बघितलं नाही. कागद पेटीत होता आणि शोभाला दिलेला शब्द डोक्यात. वर्कशॉपला जावं का, असं विचाराल तर जा. पन्नाशीत तर नक्की जा. दारात पालक समजतील, समजू देत. पण आपलं काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे तिथलं कुणी सांगणार नाही.

घरी शोभानं कागद उलटसुलट वाचला. "यात पास कुठे लिहिलंय, दादा?"

"लिहिलेलं नाही. नापास झालो. बोलाव तुझी पनवेलवाली."

सायली तेवढ्यात माझ्या मोबाइलमधला काजलचा फोटो मोठा करून बघत होती. "मामा, माझा रंग हिच्यासारखाच आहे ना? मला किती शेड गोरी करशील?"

"एकही नाही."

"अर्धी?"

"अर्धीही नाही."

"आणि कामोठ्याच्या लोकांनी कागद मागितला तर?"

"आहे तो दाखवीन. नापास का झालो तेही सांगीन."

ती खुर्ची ओढून उजेडात बसली आणि पदर खोचत आईला म्हणाली, "सांग त्यांना, माणूस ठरलाय." शोभा कागद घडी न घालता कपाटात ठेवून आली.

मी हात धुतले, मानेचा रंग जुळवला. गुलाबीच्या डबीत ब्रश फिरवून वर आणला आणि ओठांचा चंबू झालाच.

"मामा!"

ओठ मिटले. ब्रश डबीच्या कडेला दोनदा टेकवून झटकला.